जिल्ह्याचा आरोग्य मनुष्यबळ आराखडा : मोजणीपासून पदनिर्मितीपर्यंतचा क्रम

जिल्ह्याचा आरोग्य मनुष्यबळ आराखडा मागवला की बहुतेक कार्यालयांतून तीन रकान्यांचा तक्ता येतो : मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. वेतन देयकासाठी हा तक्ता पुरेसा आहे. नियोजनासाठी तो दिशाभूल करतो, कारण मंजूर पदांची संख्या अनेक वर्षांपूर्वीच्या आकृतिबंधावरून (कोणत्या संस्थेत कोणती किती पदे, याच्या मंजूर रचनेवरून) आलेली असते आणि ‘भरलेले’ म्हणून दाखवलेल्या पदावरील व्यक्ती त्याच दवाखान्यात काम करते की नाही, हे त्यातून कळत नाही. असे कित्येक तक्ते तपासताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली : किती काम आहे आणि ते करायला किती वेळ हाती आहे, हे न मोजताच थेट पदांची मागणी केली जाते. अशी मागणी वित्त विभागाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही आणि प्रस्ताव परत येतो.

पुढील क्रम महाराष्ट्रातील जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांची कार्यालये, तालुका आरोग्य अधिकारी, रुग्ण कल्याण समित्यांचे सदस्य आणि आरोग्याच्या प्रश्नावर पाठपुरावा करणारे कार्यकर्ते यांना तो वापरता येईल. टप्प्यांचा क्रम बदलू नये. पुढच्या प्रत्येक टप्प्यातील आकडा मागच्या टप्प्यातून येतो.

सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असतात. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये, स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. दोन्ही कार्यालये आपापला आराखडा स्वतंत्रपणे करतात, पण प्रसूतीला निघालेली बाई दोन्हींच्या हद्दीतून जाते. म्हणून पाच-सहा जणांचा एकच संयुक्त गट करावा. त्यात दोन्ही कार्यालयांचे आस्थापना लिपिक, एक लेखा कर्मचारी, सांख्यिकीचे काम पाहणारी व्यक्ती आणि वॉर्ड प्रत्यक्ष चालवणारी एक परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) असलीच पाहिजे. परिसेविकेला वगळले तर रात्रपाळीचे खरे चित्र गटापुढे येत नाही, आणि तिलाच नेहमी वगळले जाते.

मंजूर आकृतिबंध, पदनिर्मितीचे शासन निर्णय, अस्थायी पदांना मुदतवाढ देणारा शेवटचा शासन निर्णय, मागील १२ महिन्यांचे हजेरीपट आणि रजेच्या नोंदी, सेवार्थ या शासकीय वेतन प्रणालीतील वेतन देयके, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांची यादी, बाह्यस्रोत संस्थेने पुरवलेल्या कर्मचाऱ्यांची यादी, तसेच बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, प्रसूती, शस्त्रक्रिया आणि शवविच्छेदनाच्या नोंदवह्या एकत्र कराव्यात. मासिक अहवालातील आकडे आणि मूळ नोंदवही यांत तफावत असेल, तर नोंदवही प्रमाण मानावी.

टप्पा १ : माणसे मोजा, पदे नव्हे

प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ करावी आणि त्या ओळीत हे रकाने ठेवावेत : पदनाम, वेतन कोणत्या संस्थेतून निघते, मागील महिन्यात १५ दिवसांहून अधिक काम प्रत्यक्ष कोठे केले, नेमणुकीचा प्रकार, मुदत कधी संपते, निवृत्तीचा दिनांक.

सर्वांत जास्त माहिती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या तुलनेतून मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून वेतन घेणारी आरोग्य सेविका तालुक्याच्या कार्यालयात अहवाल भरत असते. ग्रामीण रुग्णालयाचा वाहनचालक जिल्ह्याच्या गाडीवर असतो. प्रयोगशाळा तंत्रज्ञ ‘तात्पुरत्या’ प्रतिनियुक्तीवर तीन वर्षांपासून जिल्हा रुग्णालयात असतो. पद भरलेले असल्यामुळे मूळ ठिकाणी नवा माणूस मिळत नाही आणि काम मात्र रिकामे राहते. अशा प्रतिनियुक्त्यांची यादी आराखड्याला स्वतंत्र परिशिष्ट म्हणून जोडावी. तोंडी आदेशाने दुसरीकडे काम करणाऱ्यांची नावेही त्यात यावीत; एवढी एक यादी जरी प्रामाणिकपणे झाली, तरी काही केंद्रांचा प्रश्न नव्या पदाशिवाय सुटतो.

नेमणुकीच्या प्रकारात नियमित, कंत्राटी, बंधपत्रित (शिक्षणानंतरची बंधनकारक सेवा करणारे), मानसेवी (मानधनावरील) आणि बाह्यस्रोत (खासगी संस्थेमार्फत आलेले) असे वेगळे भाग करावेत. शासकीय बंधपत्रावर आलेले वैद्यकीय अधिकारी साधारण वर्षभरच थांबतात. आदिवासी भागात भरारी पथकांतील मानसेवी डॉक्टर प्रत्यक्ष सेवेचा मोठा भार उचलतात, पण नियमित आकृतिबंधात ते दिसत नाहीत. या सर्वांची एकच बेरीज केली, तर पुढच्या जुलैत किती जण उरतील हे कोणालाच सांगता येणार नाही.

सावधान : जिल्हा रुग्णालय नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न झाले असेल, तर त्या इमारतीत दोन विभागांची पदे एकत्र दिसतात. महाविद्यालयातील अध्यापकांच्या वेळेचा एक भाग शिकवण्यात जातो, म्हणून त्यांना पूर्णवेळ रुग्णसेवेत मोजू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाची पदे कोठे वर्ग झाली, याचा लेखी आदेश हाती असल्याशिवाय ती गृहीत धरू नयेत. २०२४ साली गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना, बुलढाणा, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत नवी महाविद्यालये सुरू झाली, त्यामुळे हा प्रश्न आता अनेक ठिकाणी आहे.

टप्पा २ : एका व्यक्तीचा वर्षातील खरा वेळ काढा

हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि तेथेच हिशेब चुकतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या, सार्वजनिक सुट्ट्या किंवा त्यांच्या बदली रजा, नैमित्तिक रजा, प्रत्यक्ष घेतलेली अर्जित रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा करावे. नियमाने देय असलेली रजा धरू नये. मागील वर्षात खरोखर किती घेतली गेली, त्याची संवर्गनिहाय सरासरी धरावी.

उदाहरणासाठी एका अधिपरिचारिकेचा (स्टाफ नर्सचा) हिशेब पाहू. समजा, साप्ताहिक सुट्ट्या ५२, सार्वजनिक सुट्ट्यांच्या बदली रजा २४, नैमित्तिक ८, प्रत्यक्ष घेतलेली अर्जित रजा २०, प्रशिक्षण ६ आणि आजारपण ५ दिवस. बेरीज ११५ होते आणि कामाचे दिवस २५० उरतात. प्रसूतिगृहात एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर दिवसाला ३ प्रमाणे वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. १,०९५ भागिले २५० म्हणजे ४.३८. तीन पाळ्या म्हणून तीन अधिपरिचारिका मागणारा प्रस्ताव पहिल्याच दिवसापासून अपुरा असतो आणि ती तूट रजा नाकारून, दुहेरी पाळी लावून भरून काढली जाते.

प्रसूती रजा १८० दिवसांची असते. अधिपरिचारिका आणि आरोग्य सेविकांचा संवर्ग बहुतांशी महिलांचा असल्याने जिल्ह्यात एका वेळी सरासरी किती जणी या रजेवर किंवा बालसंगोपन रजेवर असतात, हे नोंदींवरून काढावे आणि तेवढा रजा-राखीव गट जिल्हा पातळीवर धरावा. प्रत्येक संस्थेला अर्धे पद वाटून उपयोग होत नाही. या रजांचा बोजा म्हणून उल्लेख करणाऱ्या टिपण्या मी वाचल्या आहेत; रजा हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि तिची तरतूद न करणे ही नियोजनाची चूक आहे.

तपासणी : प्रत्येक संवर्गासाठी उपलब्ध दिवसांचा आकडा वेगळा आला का? सर्वांसाठी एकच आकडा आला असेल, तर कोणीतरी तो अंदाजाने भरला आहे.

टप्पा ३ : कामाचा भार मोजा

येथे दोन मापे शेजारी-शेजारी लावायची आहेत. पहिले माप लोकसंख्येचे आणि संस्थेच्या प्रकाराचे. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ साली आली, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सुधारली गेली. लोकसंख्येचा निकष उपकेंद्रासाठी सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,०००, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० आहे. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेची वापरली जाते. हवेली, पनवेल किंवा वसईसारख्या झपाट्याने वाढलेल्या तालुक्यांत त्या आकड्यावर उभा केलेला आराखडा प्रत्यक्षाच्या जवळही जात नाही. अशा ठिकाणी मतदारयादी, लसीकरणाची लाभार्थी नोंद आणि आशा कार्यकर्तींचे घरनिहाय सर्वेक्षण यांवरून आजचा अंदाज काढून तो कसा काढला हे लिहावे.

दुसरे माप कामाच्या भाराचे. जागतिक आरोग्य संघटनेची कार्यभार-निर्देशक पद्धत यासाठी वापरता येते आणि ती कागद-पेन्सिलीनेही जमते. ३० खाटांच्या एका काल्पनिक ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे उदाहरण घेऊ.

१. उपलब्ध वेळ : २५० दिवस गुणिले ७ तास म्हणजे १,७५० तास, म्हणजेच १,०५,००० मिनिटे.

२. एका बाह्यरुग्णाला नीट तपासण्यास लागणारा वेळ ६ मिनिटे धरला, तर एक डॉक्टर केवळ तेच काम करत राहिला तरी वर्षाला १७,५०० रुग्ण पाहील. वर्षाचे बाह्यरुग्ण ५२,५०० असतील, तर ३ डॉक्टर लागतात.

३. सर्वांनाच करावी लागणारी इतर कामे, म्हणजे बैठका, अहवाल, न्यायालयातील साक्ष, वेळेच्या २० टक्के घेत असतील, तर ३ ला ०.८ ने भागावे. उत्तर ३.७५.

४. अधीक्षकाची प्रशासकीय कामे वर्षाला ७०० तास असतील, तर ७०० भागिले १,७५० म्हणजे ०.४. एकूण ४.१५.

५. बाह्यरुग्ण वेळेतील तातडीचे रुग्ण वरच्या आकड्यात आले असे मानू. उरलेल्या दोन पाळ्यांसाठी वर्षाला ७३० पाळ्या भागिले २५० म्हणजे २.९२.

६. बेरीज ७.०७, म्हणजे ७ वैद्यकीय अधिकारी. आंतररुग्ण फेऱ्या, शवविच्छेदने आणि वैद्यकीय-न्यायिक तपासण्या यांचा भार याच पद्धतीने वेगळा काढून यात मिळवायचा.

पूर्णांक शेवटी एकदाच करावा. प्रत्येक पायरीवर वर चढवत नेल्यास आकडा फुगतो आणि छाननीत सगळाच प्रस्ताव संशयास्पद ठरतो. एका रुग्णामागील मिनिटे ठरवताना आज गर्दीत दोन मिनिटांत रुग्ण उरकला जातो म्हणून दोन मिनिटे धरू नयेत. नीट काम करणाऱ्या अनुभवी व्यक्तींना विचारून, काही दिवस प्रत्यक्ष निरीक्षण करून प्रमाण ठरवावे.

वार्षिक सरासरी काही जिल्ह्यांत फसवी असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. तेवढ्या काळात मूळ गावच्या उपकेंद्राचा भार घटतो आणि साखर कारखान्यांच्या तालुक्यांचा वाढतो. आषाढी वारीसाठी पंढरपूरला दरवर्षी इतर जिल्ह्यांतून पथके पाठवली जातात, तेव्हा मागे राहिलेल्या केंद्रांत किती दिवस कोण नव्हते, हेही मोजावे. भार महिनावार मांडला तर हंगामी नेमणूक पुरेल की कायम पद हवे, हे स्पष्ट होते.

सावधान : कमी रुग्णसंख्या म्हणजे कमी गरज, असा निष्कर्ष लगेच काढू नये. ज्या केंद्रात डॉक्टर नसतो, तेथे रुग्ण येणे बंद होते. दुर्गम केंद्रांसाठी मानकांतील किमान संख्या आणि भारावरून आलेली संख्या यांपैकी जी मोठी असेल ती धरावी.

टप्पा ४ : सुटी पदे नव्हे, चमू मांडा

सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातील प्रशिक्षित परिचारिका, रक्त साठवणूक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ हे एकाच वेळी हजर लागतात. यांतील एक नसेल तर बाकीच्यांचे वेतन सुरू राहते आणि रुग्ण पुढे पाठवला जातो. बहुधा भूलतज्ज्ञ नसतो. म्हणून पदवार तक्त्याबरोबर सेवावार तक्ता करावा : सिझेरियन, नवजात अतिदक्षता, अपघात, डायलिसिस, क्ष-किरण, प्रत्येकासमोर आवश्यक चमू आणि आज नसलेली कडी.

येथे एक अवघड निर्णय घ्यावा लागतो. जिल्ह्यात दोन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दोन भूलतज्ज्ञ असतील, तर ते दोन ग्रामीण रुग्णालयांत एकेक जोडी करून वाटले की दोन्ही ठिकाणी सेवा रजेच्या आणि रात्रीच्या वेळी बंद पडते. दोन्ही जोड्या एका ठिकाणी ठेवून तेथे चोवीस तास सेवा देणे आणि दुसऱ्या तालुक्यातून १०८ रुग्णवाहिकेची व्यवस्था भक्कम करणे मला अधिक योग्य वाटते. लोकप्रतिनिधींचा विरोध होईल. त्यांच्यापुढे मागील वर्षी दोन्ही ठिकाणी किती रात्री सिझेरियन होऊ शकले नाही, याची नोंद ठेवावी. मात्र हा नियम रस्ता चालू असेल तरच लागू पडतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो. तेथे चमू आधीच मुक्कामी हवा. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्यात नर्मदाकाठच्या पाड्यांना तरंगता दवाखाना लागतो, त्याचे मनुष्यबळ जमिनीवरच्या केंद्रातून उसने घेऊ नये.

कामाची वाटणी बदलून मिळणारा वेळही येथेच धरावा. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी (उपकेंद्रात प्राथमिक तपासणी-उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) आल्यावर रक्तदाब-मधुमेहाची नियमित तपासणी गावात होते. परंतु पहिल्या काही महिन्यांत नवे रुग्ण सापडल्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राचा भार वाढतो, घटत नाही. तो कमी होईल असे गृहीत धरून डॉक्टरचे पद सोडून देऊ नये.

टप्पा ५ : माणसे कोठून आणि कधी येतील

गरज आणि उपलब्धता यांतील फरक आता हाती आहे. त्यासमोर पुढील पाच वर्षांची वजाबाकी लिहावी : निवृत्ती, मुदत संपणारे कंत्राट व बंधपत्र, पदोन्नतीने रिकामी होणारी पदे, आणि मागील तीन वर्षांत राजीनामा दिलेल्यांची सरासरी. निवृत्तीचा दिनांक सेवापुस्तकात असतो, तरीही पद रिकामे झाल्यावरच मागणीपत्र जाते.

मग तयार होण्यास लागणारा काळ पाहावा. एमबीबीएस आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे, पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे. २०२६ मध्ये प्रवेश घेणारा विद्यार्थी तज्ज्ञ म्हणून २०३५ च्या आधी मिळत नाही. परिचर्येची पदवी चार वर्षांची, जीएनएम ही परिचर्येची पदविका तीन वर्षांची. म्हणून ‘जिल्ह्यात महाविद्यालय आले आहे’ हे पाच वर्षांच्या तज्ज्ञांच्या तुटीचे उत्तर होऊ शकत नाही.

मधल्या काळासाठी जवळचे मार्ग वापरावेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविका जिल्हा रुग्णालयात चालवता येतात. त्यांत भूलशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग हे विषय आहेत. त्यासाठी मार्गदर्शक तज्ज्ञ आणि पुरेसा रुग्णभार लागतो, तेव्हा अर्जाआधी ते तपासावे. सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना पदव्युत्तर जागांत वाटा देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला आहे. कोणता अधिकारी केव्हा शिक्षणाला जाईल आणि परत कोठे येईल, हे आराखड्यात नावानिशी असावे. जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिन्यांसाठी येणारे पदव्युत्तर विद्यार्थी मदतीला असतात. त्यांना रिक्त पदाच्या जागी मोजू नये.

टप्पा ६ : पदनिर्मिती आणि पैसा

सर्वांत महागडी चूक म्हणजे इमारत आधी आणि पदे नंतर. ३० खाटांच्या रुग्णालयाचे ५० खाटांत श्रेणीवर्धन मंजूर होते, बांधकाम पूर्ण होते, उद्घाटन होते, आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव तेव्हा कोठे टेबलावरून हलतो. प्रस्ताव वित्त विभाग आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीपुढून जातो. या प्रवासाला लागणारा वेळ धरून, बांधकामाचा कार्यादेश निघतो त्याच महिन्यात पदांचा प्रस्ताव पाठवावा.

प्रस्तावात टप्पा २ आणि ३ मधील हिशेब, वार्षिक आवर्ती खर्च, लेखाशीर्ष, आणि पदे न मिळाल्यास कोणती सेवा सुरू होणार नाही याचे स्पष्ट विधान असावे. नव्या पदांचा खर्च अंदाजपत्रकात ‘नवीन बाब’ म्हणून वेळेत मांडला गेला का, हे लेखा शाखेने लेखी कळवावे. सफाईगार, कक्षसेवक, वाहनचालक आणि लिपिक गाळू नयेत. लिपिक नसलेल्या रुग्णालयात बिले डॉक्टरच तयार करतात.

तपासणी : जुन्या अस्थायी पदांची मुदतवाढ संपत तर नाही ना? नवी पदे मागताना जुन्यांचे वेतन थांबल्याची उदाहरणे आहेत.

टप्पा ७ : भरती

जाहिरातीआधी सेवाप्रवेश नियम अद्ययावत आहेत का आणि बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, याची नोंदवही) मागासवर्ग कक्षाकडून तपासून झाली आहे का, एवढे पाहावे. बहुतेक भरत्या येथेच अडतात. पेसा क्षेत्र (अनुसूचित आदिवासी क्षेत्र) असलेल्या जिल्ह्यांत त्या क्षेत्रातील पदांची गणना स्वतंत्र ठेवावी. निवड झालेल्यांपैकी सर्व जण रुजू होत नाहीत, म्हणून प्रतीक्षायादीची मुदत संपण्यापूर्वी ती वापरावी. भरतीचा अहवाल नियुक्ती आदेशांच्या संख्येवर न थांबवता, तीन महिन्यांनी प्रत्यक्ष कामावर असलेल्यांच्या संख्येवर द्यावा.

टप्पा ८ : नेमणूक आणि टिकवणे

नव्या अधिकाऱ्याला सर्वांत दुर्गम केंद्रात एकटे पाठवणे हा मार्ग राजीनाम्याकडे जातो. शक्यतो दोघांना एकत्र पाठवावे आणि राहण्याजोगे निवासस्थान, पाणी, रात्री सुरक्षित ये-जा यांची पाहणी नेमणुकीच्या आदेशापूर्वी करावी. आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रातील एकस्तर पदोन्नतीचे (एक स्तर वरच्या पदाचे) वेतन पहिल्या महिन्यापासून लागू झाले का, हे आस्थापना शाखेने स्वतःहून पाहावे. मिळायचा लाभ दीड वर्ष अडकला, तर त्याचे आकर्षण उरत नाही. किती वर्षांनी कोणत्या ठिकाणी बदली मिळेल, हे समुपदेशनाच्या वेळी लेखी सांगितलेले असेल आणि पाळले जात असेल, तर लोक अवघड ठिकाणही स्वीकारतात. एकदा तो शब्द मोडला की पुढच्या तुकडीतील कोणी त्या तालुक्याचे नाव घेत नाही.

टप्पा ९ : तिमाही फेरतपासणी

टप्पा १ मधील यादी दर तीन महिन्यांनी अद्ययावत करावी. बैठकीपुढे चारच आकडे ठेवावेत : प्रत्यक्ष कामावर किती, प्रतिनियुक्तीवर किती आणि त्यांतील किती परत आले, चमू अपुरा असल्याने किती दिवस कोणती सेवा बंद राहिली, आणि पुढील सहा महिन्यांत कोण निवृत्त होणार. रुग्णभारात मोठा बदल झाला असेल, त्या संस्थेपुरता टप्पा ३ पुन्हा करावा. संपूर्ण आराखडा वर्षातून एकदा, राज्याचे अंदाजपत्रकीय प्रस्ताव जाण्याच्या किमान दोन महिने आधी, पुन्हा मांडावा आणि त्याची प्रत तालुका पातळीवर प्रत्येक अधीक्षकाला द्यावी, म्हणजे त्याच्या रुग्णालयाच्या नावापुढे लिहिलेला आकडा त्याला तपासता येईल.